खिडकीतून दिसलेलं बोलणं

कबनूरच्या माणसांसमोर कुजबुजण्यात काही अर्थ नसतो. मोठ्यानं बोललात तर एक वेळ त्यांना ऐकू येणार नाही, कारण निम्म्या गावाचे कान यंत्रमागांनी खाल्लेत. पण हळू बोललात, की समोरची बाई तुमचा शब्द न् शब्द ओठांवरून उचलून घेते आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. चोवीस माग एका छपराखाली धडधडत असले की माणसाचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानापर्यंतही पोचत नाही. मग तिथली माणसं काय मुकी राहतात? छे! सासूच्या कागाळ्या, पोरांच्या परीक्षा, कुणाचं कुणाशी जमलं आणि कुणाचं फिसकटलं, हे सगळं पहिल्या मागापासून शेवटच्या मागापर्यंत सुरळीत चालू असतं, नुसत्या ओठांनी आणि हाताच्या खुणांनी.

आक्काताई या विद्येत पटाईत होती. एकतीस वर्षं तिनं इचलकरंजीच्या नाहीतर कबनूरच्या कुठल्या ना कुठल्या कारखान्यात काढली होती. आधी कांड्या भरल्या, म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळलं, आणि पुढं चार माग एकटीनं सांभाळले. ओठ वाचायला तिला धोंडुबाई नावाच्या एका म्हातारीनं शिकवलं होतं. शिकवताना म्हातारीनं एक नियमही घालून दिला होता. "दिसंल त्ये पोटात घालायचं. भाईर काढलंस तर उद्यापास्नं माणसं तुझ्याकडं पाठ करून बोलाय लागतील."

आक्काताईनं तो नियम एकतीस वर्षं पाळला. मालकाचा दिवाणजी तिच्याबद्दल काय बोलतो ते तिला ठाऊक होतं, जाऊबाई काय बोलते तेही ठाऊक होतं, आणि तिनं दोघांनाही चहा पाजला होता. नियम मोडला तो एकदाच, आणि मोडायला मुहूर्त काय शोधला म्हणाल, तर पोटच्या पोरीला बघायला पाहुणे आले तो दिवस.

पोरीचं नाव पूर्णिमा. वय सव्वीस. कापड तंत्रज्ञानाचा डिप्लोमा करून ती तारदाळकडच्या एका मोठ्या कारखान्यात लागली होती आणि दोन वर्षांत पाळीची सुपरवायझर झाली होती. आईनं चार माग चालवले, लेक चाळीस मागांवर देखरेख करायची, आणि तेही साधे नव्हेत, हवेवर चालणारे. याआधी दोन स्थळं आली होती. पहिल्यांनी सांगितलं, मुलगी फार मोठ्यानं बोलते. दुसऱ्यांनी सांगितलं, नोकरी सोडायला हवी. पूर्णिमानं दोघांनाही राम राम केला आणि आईला म्हणाली, "आये, परत असला कुणी आला तर मी कामावरनं घरीच येणार न्हाय."

तिसरं स्थळ मात्र तिनं स्वतःच आणलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. जयसिंगपूरचा पृथ्वीराज. या मागांना हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरची देखभाल करायला तो महिन्यातून दोनदा कारखान्यात यायचा. मग चारदा यायला लागला. कॉम्प्रेसर काही एवढे बिघडत नव्हते. शेवटी दोघांनी आपापल्या घरी सांगितलं, आणि रीतसर मध्यस्थ म्हणून दिलदारभाईला पुढं केलं. दिलदारचा टेम्पो होता. कबनूरचं कापड तो जयसिंगपूरच्या स्टेशनापर्यंत पोचवायचा, त्यामुळं दोन्ही गावांत त्याची ऊठबस होती.

रविवारी सकाळी पाहुणे आले. तिघंच. पृथ्वीराज, त्याचे वडील गणपतराव आणि आई संयोगिताबाई. गणपतरावांचं बाजारपेठेत खता-बियाण्याचं दुकान. गडी धिप्पाड, मिशी भरघोस, आवाज दुकानदाराचा. संयोगिताबाई बारीक चणीच्या, खाली बघून बसणाऱ्या. रविवार असला तरी शेजारच्या कारखान्यात मालाची घाई होती, त्यामुळं माग चालूच होते आणि घरातली भांडी हलकी हलकी थरथरत होती. पाहुण्यांना ते जाणवत होतं, घरच्यांना नाही.

आक्काताईचा नवरा जोतीराम हा जॉबर, म्हणजे माग बिघडले की दुरुस्त करणारा. ऐकायला कमी, बोलायला जास्त. पोहे येईपर्यंत काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यानं अख्ख्या गावाचा इतिहास सुरू केला, तोही मागाशेजारी उभं राहून सांगावा इतक्या मोठ्यानं.

"शंभरावर वर्सं झाली की पावणं, इचलकरंजीत पयला यंत्रमाग बसला त्याला! त्याआधी समदे हातमाग. माझा आज्जा नऊवारी इणायचा. यंत्राचा माग बगून म्हातारा म्हणाला व्हता, लाकडात भूत शिरलंय! मग काय, भूत घराघरात शिरलं. नऊवारी गेली, पातळं आली. पातळं गेली, धोतरं आली. धोतर नेसणारी म्हातारी माणसं खपली, मग पॉपलीन, मलमल, काय काय आलं. देशात माणसानं काय नेसायचं त्ये आदी आमच्या गल्लीत ठरतंय!"

"व्हय का," गणपतराव म्हणाले.

"आता साधा माग संपत आला. शेजारचे बारा माग गेल्या साली किलोवर गेले, भंगारात. म्या हातानं खोललं त्ये." इथं जोतीरामचा आवाज पहिल्यांदा खाली आला, आणि पुन्हा चढला. "खरं आमची पुनी बगा! तिच्या मागाला धोटा न्हाय, कांडी न्हाय. वाऱ्याच्या फुंकरीवर सूत पळतंय. आन् ती फुंकर कुणाची? तर ह्या आमच्या पावण्याची!" असं म्हणून त्यानं पृथ्वीराजच्या पाठीवर थाप मारली. पृथ्वीराजच्या हातातला पेला सांडता सांडता राहिला आणि पूर्णिमा हसली.

आक्काताईचं लक्ष मात्र संयोगिताबाईंकडं होतं. त्या पोह्यांना हात लावत नव्हत्या. शेजारी खिडकीचा पडदा होता, त्याची कड त्यांनी दोन बोटांत धरली होती. कडेला सुटलेला एक धागा त्यांनी हळूच ओढून घेतला आणि त्याचा पीळ उलटा फिरवून उलगडत बसल्या. आक्काताईला ते आवडलं नाही. आमच्या घरात येऊन आमच्याच पडद्याचे दोरे उपसते ही बाई, उद्या पोरीचं काय काय उपसेल, असं तिच्या मनात आलं. मन एकदा वाकडं झालं की त्याला सगळंच वाकडं दिसतं.

पोहे झाले, चहा झाला. गणपतरावांनी मिशी पुसली आणि सरळच विचारलं, "लग्नानंतर नोकरीचं काय करायचं म्हणता?"

"चालू ठेवणार," पूर्णिमा म्हणाली. खाली वगैरे बघितलं नाही.

गणपतरावांनी रिकामी कपबशी बाजूला सारली. मग उठले. "जरा आपसात बोलून घेतो." तिघं बाहेर पडले, गल्ली ओलांडून आपल्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले. बाजूला कारखाना, मागांचा कल्लोळ. इथं आपलं बोलणं देवालाही ऐकू जाणार नाही, असं त्यांना वाटलं असणार. कुणालाही वाटलं असतं.

आक्काताई स्वयंपाकघराच्या खिडकीशी पीठ मळत उभी होती. बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण डोळे मिटून कुठल्या आईनं पोरीचं लग्न ठरवलंय? तिनं बघितलं. पृथ्वीराज गाडीला टेकून जमिनीकडं बघत होता. गणपतरावांची रुंद पाठ खिडकीकडं होती. त्यांच्या खांद्यावरून संयोगिताबाईंचा चेहरा स्वच्छ दिसत होता. बाई तोंडातल्या तोंडात बोलत होती, ओठ जेमतेम हलत होते. पण आक्काताईनं याहून अवघड ओठ वाचले होते, तंबाखू भरलेले, पदरानं निम्मे झाकलेले.

"लग्न झालं की काम बंद," संयोगिताबाईंचे ओठ म्हणाले.

मग पाठीनं हात हलवले. पाठ काहीतरी लांबलचक बोलली.

"घरात बसायचं. भाकरी थापायच्या. आल्यागेल्याचा चहा करायचा. पगाराचं काय नडलंय आपल्याला?"

पाठ पुन्हा बोलली.

"मला हे पटत न्हाय. सांगून ठेवते, मला अजिबात पटत न्हाय."

बस्स. आक्काताईच्या डोक्यात जे काही एकतीस वर्षं दाबून ठेवलेलं होतं ते सगळं एकदम वर आलं. दिवाणजी आला, जाऊबाई आली, आधीची दोन स्थळं आली. पिठाचे हात तसेच घेऊन ती बाहेर पडली आणि गल्ली ओलांडून सरळ संयोगिताबाईंसमोर उभी राहिली.

"पावणं, आमची पोरगी घरात बसून भाकरी थापाय जन्मली न्हाय! तुमच्या घरात पगाराचं नडलं नसंल, आमच्या पोरीचं बी तुमच्यावाचून काय नडलं न्हाय. तुमास्नी पटत न्हाय न्हवं? मग या आता!"

गणपतरावांचं तोंड उघडंच राहिलं. आपण इथं काय बोललो ते या बाईला कळलं कसं, हे काही केल्या त्यांच्या ध्यानात येईना. पृथ्वीराज "मावशी, मावशी" म्हणत राहिला. संयोगिताबाईंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्या गाडीत बसल्या. गाडी वळताना त्यांनी काचेतून आक्काताईकडं बघितलं आणि ओठ हलवले, पण काच काळी होती.

घरात जोतीरामनं विचारलं, "गेली व्हय? आगं, पोहे तसंच हायत की!"

पूर्णिमा ओरडली नाही, आणि आक्काताईला तेच जड गेलं. या घरात राग आला की ओरडायची रीत होती. पोरगी आईसमोर येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "काय दिसलं तुला? सांग. जसं दिसलं तसं."

आक्काताईनं सांगितलं.

"आन् मामा, त्यांचे वडील, काय म्हणाले?"

"त्येंची पाठ व्हती."

"म्हंजे निम्मंच बघितलंस."

एवढ्यात पृथ्वीराजचा फोन आला. पूर्णिमा परसात गेली, बराच वेळ नुसती ऐकत राहिली आणि आत येऊन पाटावर बसली. "मामा वाटेत पेट्रोल भराय उतरल्यात, आन् त्यांची आई गाडीत रडायला लागलीय," ती म्हणाली. "म्हणत्यात, मी तर पोरीच्या बाजूनं बोलत व्हते. लग्नाआधी त्या सूतगिरणीत कामाला व्हत्या, ठावं हाय तुला? अकरा महिने. सुताची तपासणी करायच्या. लग्न ठरलं तवा सासरच्यांनी काय सांगितलं, त्ये त्या मामांना आठवण करून देत व्हत्या. लग्न झालं की काम बंद, घरात बसायचं, भाकरी थापायच्या. आन् पोरीचं बी तसंच करणार असाल तर मला पटत न्हाय, असं म्हणत व्हत्या." ती थांबली. "म्हणत व्हत्या, आये. तोवर तू पोचलीस."

आक्काताईची नजर पडद्याकडं गेली. तो पडद्याचा धागा, त्याचा उलटा फिरवलेला पीळ. सुताची पारख असलेल्या बाईची बोटं होती ती, आणि एकतीस वर्षं सुतात काढलेल्या आपल्याला ती ओळखू आली नाहीत! तिला स्वतःची लाज वाटली.

"तू माझ्यासाठी भांडलीस, त्ये कळतंय मला," पूर्णिमा म्हणाली. "खरं एकदा मला विचारायचं तरी. मी आतच बसल्ते की." मग ती पाटावरून उठली. "मला तोच पाहिजे व्हता गं."

सोमवारी सकाळी दिलदारभाई आला. चप्पल काढायच्या आधीच त्यानं कपाळाला हात लावला.

"वैनी, काय केलंसा ह्ये! गणपतरावांना वाटतंय तुम्ही त्यांच्या गाडीत माईक लावला. काल संध्याकाळी गाडी धुवायचं निमित्त करून सीटाखाली हात घालून बगत व्हते. म्या डोळ्यांनी बगितलं."

"मी जातो जयसिंगपूरला," आक्काताई म्हणाली. "आजच. माफी मागतो."

"जावा. पर सांगणार काय?"

"झालं त्येच."

दिलदार खाली बसला आणि समजावणीच्या सुरात बोलायला लागला. "ह्ये बगा. तुम्ही ओठ वाचता ह्ये कळलं, की ते विचारणार, पोरगीला बी येतंय काय? येतंय की! तिला तर तुमच्यापेक्षा बरं येतंय. आता मला सांगा, जिच्यासमोर सासू-सासऱ्याला कुजबुजता यायचं न्हाय, असली सून कोण घरात घेईल? माझ्या घरात मी घेतली नसती! त्यापेक्षा म्हणा, बाजूनं कुणीतरी जात व्हतं, त्येनं ऐकून सांगितलं. झाकली मूठ राहील."

बोलणं चुकीचं नव्हतं. एसटीत बसून आक्काताई त्याचाच विचार करत होती. खोटं सांगितलं तर पोरीचं जमायची आशा होती. खरं सांगितलं तर कदाचित तीही जाणार, आणि यावेळी पोरगी आयुष्यभर बोलणार नाही. खिडकीबाहेर उसाची शेतं मागं पळत होती. पुढच्या बाकावरच्या दोन बायका एकमेकींच्या कानाला लागून कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. आक्काताईनं मान वळवून घेतली.

जयसिंगपूरचे रस्ते आखून काढल्यासारखे सरळ. दुकानाच्या मागंच घर होतं. आत पाऊल टाकलं आणि आक्काताईला कसंतरीच झालं. एवढी शांतता! भांडं हलत नाही, भिंत थरथरत नाही. तिच्या कानांत उलट नुसता गूंऽऽ असा आवाज भरून राहिला. अशा घरात माणसं जगतात कशी, असं तिला वाटलं.

संयोगिताबाईंनी पाणी आणून दिलं. गणपतराव दुकानातून उठून आले आणि हाताची घडी घालून समोर बसले. पृथ्वीराज कामावर गेला होता. आक्काताईनं पाणी प्यायलं नाही. तांब्या खाली ठेवला.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "गाडीत माईक न्हवता. कुणी ऐकूनबी सांगितलं न्हाय. आमी मागावरची माणसं. आमाला बोलणं डोळ्यांनी दिसतंय. खिडकीतनं मला वैनींचं त्वांड दिसलं, आन् तुमची पाठ. निम्मं बगितलं आन् पुरं समजून बोललो. आन् आणखी एक सांगतो, पुनीलाबी ह्ये येतंय. लपवून पोरगी द्यायची न्हाय मला."

गणपतरावांना हे काही खरं वाटेना. "असं कुठं आसतंय व्हय? चाळीस फुटांवरनं?" ते उठले, पुढच्या सोप्याच्या पार टोकाला गेले आणि तिथून तोंड फिरवून, आवाज न करता काहीतरी म्हणाले.

"लबाड न्हाय पावणं," आक्काताई म्हणाली. "आगाऊ हाय, त्ये मान्य हाय."

गणपतराव दारातल्या बाकावर बसले. त्यांचा हात आपोआप मिशीकडं गेला आणि त्यांनी ती ओठांवर नीट ओढून घेतली. दुसरी वेळ असती तर आक्काताई खदखदून हसली असती.

"म्हंजे काल ही बोलत व्हती?" जरा वेळानं त्यांनी विचारलं, बायकोकडं बोट करून. "काल तर मीच बोलत व्हतो. ही नुसती उभी व्हती. मला वाटलं, हिला बी माझंच पटतंय."

"बोलत व्हत्या की!"

"मला ऐकायला आलं न्हाय."

"मागांच्या आवाजात कसं येणार? आन् वैनी बोलत्यात बी बारीक."

इतका वेळ संयोगिताबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या पुढं आल्या आणि आक्काताईसमोर खाली बसल्या. "तुम्हाला माझं सगळं दिसलं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं समदं."

"मग सांगा बघू. पहिल्यापासनं. ह्यांच्यासमोर."

आक्काताईनं गणपतरावांकडं बघितलं, मग बाईंकडं. आणि सांगितलं. तिला हळू बोलता येतच नव्हतं, त्यामुळं ते घरभर गेलं, दुकानात खताची पोती उचलणाऱ्या हमालांपर्यंत गेलं. लग्न झालं की काम बंद. घरात बसायचं. भाकरी थापायच्या. आल्यागेल्याचा चहा करायचा. पगाराचं काय नडलंय आपल्याला. मला हे पटत न्हाय. सांगून ठेवते, मला अजिबात पटत न्हाय. एकेक वाक्य ती जसं दिसलं होतं तसं, त्याच क्रमानं बोलत गेली. संयोगिताबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"असं बोललीस तू?" गणपतराव म्हणाले.

"कालच न्हाय," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं बोलतेय मी ह्या घरात. भाकरी थापता थापता, भांडी लावता लावता. तुम्हाला वाटतं मी देवाचं काहीतरी पुटपुटतेय. तुमच्या आईंनाही तसंच वाटायचं. त्या पावण्यारावळ्यांना सांगायच्या, आमची सून लई भक्तिभावाची." मग त्या आक्काताईकडं वळल्या. "तुमच्यावर मी रागावले न्हवते. गाडी वळताना काचेतनं तुम्हाला तेच सांगत व्हते. मला काल रडू आलं ते वेगळ्याच कारणानं. तुम्ही तावातावानं येऊन माझीच वाक्यं माझ्या तोंडावर फेकली, तेव्हा मला कळलं, की कुणीतरी ऐकलं."

 आक्काताई तर मागांनी कान खाल्लेली बाई. या घरात चांगल्या कानांची माणसं तीस वर्षं वावरली होती. तिनं संयोगिताबाईंचा हात हातात घेतला. मऊ हात होता, पण अंगठ्याच्या आणि बोटाच्या टोकाला सुताची चाचपणी अजून शिल्लक असावी, कारण ती बोटं तिच्या लुगड्याच्या काठावरून आपोआप फिरली.

"तुमच्या पडद्याचं सूत चांगलं व्हतं," संयोगिताबाई म्हणाल्या. "पीळ बरोबर."

"वैनी, एक सांगू?" आक्काताई म्हणाली. "पुनी हिथं आली तर तुमाला पुटपुटायची सोय ऱ्हायची न्हाय. तिला समदं दिसंल."

"दिसू दे," संयोगिताबाई म्हणाल्या, आणि मग, बहुधा आपला आवाज अजून बारीकच आहे असं वाटून, त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, खणखणीत. "दिसू दे की! आणि ती नोकरी सोडणार न्हाय. मी सांगतेय."

दुकानातला हमाल पोतं खाली ठेवून आत डोकावला. गणपतरावांनी त्याला हातानंच जायला सांगितलं.  गणपतराव हा माणूस वाईट नव्हता. आपल्या घरात सगळं आलबेल आहे असं समजून त्यानं तीस वर्षं दुकान चालवलं होतं, एवढंच. अशी माणसं काही थोडी नसतात.

"दिलदारला सांगा," शेवटी ते आक्काताईला म्हणाले, "पोरीनं नोकरी सोडायची न्हाय. सुपारी फोडाय कधी यायचं त्ये जोतीरामपावण्यांना विचारून कळवा." आक्काताईनं दोन्ही हात जोडले.  तिनं मघाचा तांब्या उचलला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

संयोगिताबाई चहा ठेवायला म्हणून उठल्या. गणपतराव त्यांच्याकडं बघत होते. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"आगं."

त्या थांबल्या.

"त्या सूतगिरणीत," गणपतराव घसा खाकरून म्हणाले, "तू काय काम करायचीस गं?"

संयोगिताबाईंनी मागं वळून नवऱ्याकडं बघितलं. चेष्टा नव्हती. तो खरंच विचारत होता. त्या परत आल्या आणि त्याच्या शेजारी बाकावर बसल्या.

"सूत तुटेपर्यंत ताणायचं," त्या म्हणाल्या, "आणि किती ताणाला तुटलं ते लिहून ठेवायचं." आणि मग पुढचं सांगत राहिल्या, प्रयोगशाळेतल्या यंत्राचं, बरोबरच्या मैत्रिणींचं, पहिल्या पगाराचं, सगळं सगळं. मोठ्यानं. चहा आक्काताईनंच केला.